चंद्रीला गाऱ्हाणं लागतं

कुसगावात आमच्या आळीला घड्याळ बघायची गरज कधी पडली नाही. कस्तुरामावशी गोठ्यात शिरून नवऱ्याच्या, दत्तोबाच्या, नावानं सुरू झाली की समजायचं, दिवस उगवला. तिन्हीसांजेला पुन्हा सुरू झाली की देवापुढं दिवा लावायचा.

"तूच सांग बाई," चरवी गुडघ्यांत धरून ती म्हशीला म्हणायची, "काल त्याला म्हनलं, कामशेतला चाललायसा तर मीठ आना. आनलं का? गावाची पार्सलं आनतो ह्यो बाबा. ह्याच्या पिशवीत घरचं मीठ तेवढं मावत न्हाई." सर्रकन एक धार. "वर मलाच ईचारतो, कालवनाला चव का न्हाई." दुसरी धार.

म्हशीचं नाव चंद्री. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चंद्री. मागच्या वेताला तिचं रेडकू गेलं आणि तिनं दूध चोरायला सुरुवात केली. म्हणजे कास भरलेली, पण खाली थेंब सोडायची नाही. मावशीनं पेंड दाखवली, पाठ खाजवली, देवाचं गाणंसुद्धा म्हणून बघितलं. चंद्रीनं तोंडावर शेपटी हाणली. तेवढ्यात दत्तोबानं पडवीतनं हाक दिली, "चा झाला का गं?" आणि मावशीचा बांध फुटला. नवऱ्याला जी बोलायला लागली, ती चरवी भरूस्तवर थांबली नाही. तेव्हापासून चंद्रीला गाऱ्हाणं लागतं. गाऱ्हाणं नाही तर पान्हा नाही.

कुणी म्हणेल, नवऱ्याला असं आळीभर बोलणं बरं का? पण दत्तोबाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. आमच्या गावाशेजारनं एक्सप्रेसवे जातो. त्याची घरघर पाहुण्याला ऐकू येते, आम्हाला येत नाही. दत्तोबाचं बायकोच्या बाबतीत तसंच झालेलं. तिकडं त्याचे उद्धार चालायचे आणि इकडं तो खाटेवर बसून बशीतला चहा भुरकत असायचा.

मावशीचं दुसरं काम बंगल्यावरचं. आळीच्या टोकाला एका मुंबईवाल्याचा बंगला आहे, शनिवार-रविवारी भाड्यानं जातो. त्याची किल्ली मावशीच्या कनवटीला. चादरी, झाडलोट, सैपाक सगळं तिच्याकडं. मालकानं अंगणात हौसेनं चूल घालून घेतलीय, कारण पाव्हण्यांना धुरातलं पिठलं लागतं. मावशी चुलीवर पातेलं चढवते, पाव्हणे फोटो काढतात, आणि ते पॉइंटवर गेले की ती आत जाऊन गॅसवर पिठलं करते. मग जेवताना चुलीच्या चवीचं कवतिक चालतं, ते ती मान खाली घालून ऐकून घेते.

पाव्हण्यांचा तिला राग नाही. रात्री-अपरात्री मॅगी मागतात, देते. नळाचं पाणी गार आहे म्हणतात, तापवून देते. राग एकाच गोष्टीचा, पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलाचा. "धुतल्या चादरीव वला टॉवेल टाकून जातो, तो मानूस फुडल्या जलमी बेडूक हुनार," असं तिनं ठरवूनच टाकलंय. आमच्या ओढ्यात बेडूक एवढे का वाढले, याचा तिच्यापुरता निकाल लागलेला आहे.

गेल्या दिवाळीनंतर बंगल्यावर एक बाई आली. मावशीच्याच वयाची, पांढऱ्या केसांची, लेकासुनेबरोबर आलेली. सकाळी उठली, गोधडी अर्धी पलंगावर अर्धी जमिनीवर, तशीच टाकून बाहेर झोपाळ्यावर येऊन बसली. हातात चहा. आणि समोरच्या डोंगराकडं बघत नुसती बसली. भाजी निवडत नव्हती, कुणाला हाक मारत नव्हती, उठून काही आणत नव्हती. लोक धबधब्याकडं बघतात तशी आमची मावशी केरसुणी हातात धरून दारातनं त्या बाईकडं बघत उभी राहिली.

रात्री ताटावर तिनं जाहीर केलं, "मला फिराया जायचंय."

दत्तोबाचा घास हातातच राहिला. "कुटं?"

"कुटं बी. जितं दुसरी बाई माझी चादर घालील तितं. सकाळी उठायचं, आथरून हाय तसं टाकायचं आन चालाया लागायचं. एकदाच. मेल्याव तर टाकनारच हाय, पन तवा मला बघाया मिळायचं न्हाई."

"आगं, लोक हितं येत्यात फिराया," दत्तोबा म्हणाला. "आन आपुन तर ऱ्हातोच हितं. म्हंजी आपुन जलमभर सुट्टीवरच हाय की!"

मावशीनं पळी खाली ठेवली. "सुट्टीव? मी?"

निलेशनं, म्हणजे त्यांच्या लेकानं, हळूच बापाला डोळ्यानं खुणावलं की आता गप. पण मावशीचं सुरू झालं होतं. दत्तोबानं सारी उमर टुरिस्ट गाडी चालवली. टायगर पॉइंट, कार्ल्याची लेणी, खंडाळ्याचे बंगले, हे रोजचं. लांबची गिऱ्हाइकं महाबळेश्वरला, गोव्याला न्यायची. लग्नानंतर बायकोला महाबळेश्वरला नेतो म्हणाला होता. त्यानंतर महाबळेश्वरला तो किती वेळा गेला याचा त्यालाच पत्ता नाही, पण दरवेळी सीट मोकळी नव्हती. आता गाडी निलेश चालवतो आणि दत्तोबा पडवीत बसतो. सीट मोकळीच मोकळी आहे, पण आता कंबर दुखते म्हणतो.

सून अनिता हे ऐकत होती. ती चिंचवडची, फ्लॅटमध्ये वाढलेली. लोणावळ्याच्या स्टेशनाजवळ एका टूरवाल्याच्या ऑफिसात कामाला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या सहली जुळवते. गोठ्याच्या बाजूला तिचं फारसं येणं नाही. लग्न होऊन आली तेव्हा चंद्रीनं तिच्या नव्या साडीचा पदर चघळला होता, तेव्हापासून दोघी एकमेकींना लांबून ओळखतात.

"आई, तुम्ही दोघं केरळला जा," ती म्हणाली. "डोंगर, बॅकवॉटर आणि समुद्र, तिन्ही एका फेरीत होतात. मी सगळं ठरवून देते."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातनं आली ती बेत घेऊनच. जेवणं उरकल्यावर सगळ्यांना बसवून सांगायला लागली. "आधी विमानानं कोचीला. तिथून गाडीनं मुन्नारला. थंड हवा, चहाचे मळे, सकाळी धुकं."

"धुकं?" दत्तोबा म्हणाला. "घाटात धुक्यात गाडी हाकून डोळं गेलं माझं. आता मुद्दाम इमानात बसून धुकं बघाया जाऊ?"

"तुमी गप बसा," मावशी म्हणाली आणि सुनेकडं वळली. "तितं गरम पानी कवा येतं?"

"चोवीस तास, आई."

"तसं समदीच सांगत्यात. मी बी सांगते. फोन करून ईचार, पानी तापवाया मानूस कोन हाय, आन तो सकाळी उठतो का."

अनितानं खरंच फोन केला. मावशी कानाला कान लावून बसली. हॉटेलवाला हिंदीत म्हणाला की पाणी उन्हावर तापतं. मावशीनं कपाळाला आठी घातली. "धुकं बी हाय आन पानी बी उनाव तापतं. पोरी, एक दुसरं हाटेल बघ." अनितानं दुसरं बघितलं. सुनेच्या ऑफिसात एवढी चौकशी करणारं गिऱ्हाईक त्याआधी आलं नव्हतं.

मग हाउसबोटीचं निघालं. अनिता सांगत होती, नाव म्हणजे तरंगतं घरच, बॅकवॉटरमधनं सावकाश जाते, दोन्हीकडं नारळीची झाडं. मावशीचं हसू गेलं. आमच्याकडं बॅकवॉटर म्हणजे पवनेच्या धरणाचं पाणी. मावशीचं माहेर त्याच्या तळाला आहे. ती लहान असताना गाव उठलं. आता त्या पाण्याकाठी तंबू लागतात, शेकोट्या पेटतात.

"कुनाचं गाव गेलं त्या पान्याखाली?" तिनं विचारलं.

अनिताला क्षणभर कळलं नाही. मग ती हळू आवाजात म्हणाली, "कुणाचं नाही, आई. ते पाणी आधीपासून तिथंच आहे. लोक काठावर राहतात. कोंबड्या, भातखाचरं, सगळं आहे."

"मंग चालंल," मावशी म्हणाली. "मंग बघीन मी."

शेवटी समुद्र. त्यावर मावशीनं एवढंच विचारलं, खोलीत वाळू आली तर झाडायची कुणी. अनिता म्हणाली, "तुम्ही नाही." मावशीला हे इतकं आवडलं की तिनं ते दोनदा वदवून घेतलं.

भात झोडून कणगीत पडलं होतं, पौषात बंगल्यालाही जरा उसंत असते. तिकिटं काढली. कुणाच्या दारी मोकळ्या हातानं जायचं नाही ही आमच्याकडची रीत. म्हणून मावशीनं इंद्रायणीच्या तांदळाच्या पिशव्या भरल्या. चादर घालणाऱ्या प्रत्येक बाईला एक. अनिता म्हणाली, "आई, ते हॉटेल आहे, पाहुणचार नाही." मावशी म्हणाली, "तिला हाटेल आसंल. मी पाव्हनीच हाय."

सगळं झालं. आणि मग निलेशनं विचारलं, "आन चंद्रीचं काय?"

सगळ्यांच्या माना गोठ्याकडं वळल्या. चंद्री निवांत रवंथ करत होती.

एवढे दिवस विमानापासून वाळूपर्यंत सगळ्याचा विचार झाला, आणि म्हैस कुणाच्या डोक्यात आली नाही. ती रोजची. रोजचं कोण ध्यानात धरतं? पण धार दोन्ही वेळा काढावीच लागते. नाही काढली तर कास सुजते आणि म्हैस आटते. सोयऱ्याकडं नेऊन बांधावी, तर परक्या दावणीला चंद्री पाण्यालाही तोंड लावत नाही. दत्तोबानं दाढी खाजवली. "मी म्हनतच हुतो," तो म्हणाला. तो काहीच म्हणत नव्हता.

"हप्ता हाय अजून," मावशी म्हणाली. "म्हस दुसऱ्या हाताला आली तर जायाचं. न्हाई आली तर तिकिटं माघारी. मुक्या जनावराचं हाल करून मला झोपाळ्याव बसायचं न्हाई."

आमच्याकडं म्हैस फसवायची जुनी रीत आहे. जिच्या हातावर म्हैस असते तिचं लुगडं नेसून दुसऱ्यानं धारंला बसायचं. म्हशीचा सगळा कारभार वासावर. पहिला मान निलेशचा. मिशी, खाली जीन्स, वरनं आईचं हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. आळी भिंतीवर येऊन बसली. चंद्रीनं पदरापासून पायापर्यंत हुंगून घेतलं, तिला पटलंय असं दिसलं. तेवढ्यात निलेश त्याच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हं, सोड बाई." चंद्रीनं अशी लाथ घातली की चरवी भिंतीवरनं पलीकडं, शेजारच्या सोपानच्या अंगणात.

"ओ वैनी!" सोपान ओरडला. "चरवी आमच्यात आलीया! पदर सावरून घ्यायला या!"

पुढचा आठवडाभर लोणावळ्याच्या गाडीतळावर निलेशला सगळे वैनी म्हणत होते.

मग निलेशनंच डोकं लढवलं. आईचं गाऱ्हाणं मोबाइलमध्ये भरून घेतलं आणि फोन गव्हाणीत ठेवला. मावशीच्या आवाजावर चंद्रीनं कान टवकारले, कासेला जरा ओल आली. तेवढ्यात निलेशला कुठल्या तरी गिऱ्हाइकाचा फोन आला आणि गाऱ्हाण्याच्या जागी हळदीतलं नाचायचं गाणं वाजायला लागलं. चंद्रीनं फोन चाटला. तो अजून मधूनमधून आपोआप बंद पडतो.

दत्तोबाही बसला. त्यानं बायकोच्या नावानं गाऱ्हाणं सुरू केलं. चंद्रीनं मान वळवून त्याच्याकडं असं बघितलं की तो आपण होऊन उठला.

राहिली अनिता. "मी बसते," ती म्हणाली. तोंड पांढरं पडलं होतं, पण म्हणाली.

मावशीनं तिला लुगडं नेसवलं, हाताला खोबरेल लावलं, पिळायची रीत दाखवली. "मुठीनं. चिमटीनं न्हाई. चिमटीनं काय मीठ टाकायचंय?" चंद्रीनं वास घेतला. लाथ मारली नाही. ही मोठीच गोष्ट. आता गाऱ्हाणं पाहिजे. अनितानं ते सासूकडनं तोंडपाठ करून घेतलं होतं. ती शाळेत कविता म्हणावी तशी सुरू झाली:

"आबांनी लग्नात महाबळेश्वरला नेतो म्हणून सांगितलं. नेलं नाही. निलेशच्या जन्माच्या दिवशी ते पाहुण्यांना राजमाची पॉइंट दाखवत होते. उन्हाळ्यात पवनेचं पाणी उतरलं की माझ्या माहेरचं जोतं वर येतं. ते दाखवायला नेतो म्हणाले. नेलं नाही. पाहुण्यांना मात्र त्याच पाण्यावर तंबूत झोपायला दरवर्षी सोडून आले."

पडवीत चहा भुरकण्याचा आवाज थांबला. इतकी वर्षं जे एक्सप्रेसवेच्या घरघरीसारखं कानावरनं गेलं होतं, ते आज दुसऱ्या आवाजात, शुद्ध भाषेत, एकेक शब्द सुटा होऊन आलं होतं. दत्तोबानं बशी खाली ठेवली.

"आसं म्हनती तुझी आय?" त्यानं निलेशला विचारलं.

"जलमभर म्हनतीया, आबा. तुमी कुटं हुता?"

दत्तोबा खाटेवरनं उठला. माळ्यावर चढला, जुनी बॅग काढली आणि फडक्यानं पुसायला लागला. कंबर दुखते म्हणाला नाही.

पण चंद्रीनं दूध सोडलं नाही. अनितानं दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणं म्हटलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. म्हैस डोळे मिटून ऐकत होती, प्रवचनाला बसल्यासारखी. शेवटी दरवेळी मावशीनं बसायचं, दोन शिव्या घालायच्या आणि चरवी भरायची. दिवस सरत आले. निघायच्या आदल्या सांजेला, धारंच्या आधी, मावशी चुलीपुढं बसून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तिकिटं दे माघारी. तुझा हात शहरी पोरी, तुला न्हाई जमायचं. तुला धड भाकरी थापता येत न्हाई, म्हस कुटनं येनार?"

हे ती सहज म्हणाली. तिच्या मनात दुसरंच होतं. झोपाळ्यावरची ती बाई तिच्या डोळ्यांपुढनं जात नव्हती, आणि ते बोलता येत नव्हतं म्हणून भाकरीवर घसरली. पण अनिताला ते लागलं. ती तिथनं उठली, लुगडं गुंडाळलं आणि एकटीच गोठ्यात गेली.

आम्ही भिंतीपलीकडं होतो, ऐकू आलं ते सांगतो. आधी बराच वेळ नुसतं नाक ओढण्याचा आवाज. मग अनिता चंद्रीला म्हणाली, "भाकरी थापता येत नाही म्हणे! तुला सांगते, मी घासलेली भांडी ही बाई पुन्हा घासते. माझ्यासमोर! मी भरलेला डबा उघडून मीठ बघते. नवीन मिक्सर आणला मी, माझ्या पगाराचा, तर शेजारणीला सांगते, वाटण बेचव होतं. आणि खाते कोण? दोनदा वाढून घेते! तिच्या सहलीसाठी मी मुन्नारला पंचवीस फोन केले, गरम पाणी, गरम पाणी! एकदा तरी म्हणाली का, पोरी, बरं केलंस? म्हणाली का?"

आणि चरवीत धार वाजली. जाड, घट्ट, ओळखू येणारी.

अनिता दचकून थांबली. मागं वळून बघते तर दारात सासू. हातात म्हशीच्या आंबोणाचं घमेलं. केव्हापासून उभी होती कोण जाणे. अनिता उठायला लागली. "आई, मी..."

"थांबू नगं!" मावशी दबक्या आवाजात ओरडली. "पान्हा आलाय! बोल! भांड्याचं झालं, आता म्होरं बोल!"

"तुम्ही... तुम्ही माझ्या माहेरच्या लोणच्याला नावं ठेवता," अनिता रडत म्हणाली.

"ठेवते. तेलच न्हाई त्यात. बोल!"

"आणि माझ्या आईला फोनवर सांगता, पोरगी गुणाची आहे, पण हळू आहे!"

"हायसच हळू! पीळ, पीळ जोरात!"

चरवी भरली. अनिता लुगड्याच्या पदरानं डोळे पुसत उठली. मावशीनं चरवीत डोकावून फेस बघितला आणि म्हणाली, "म्हस आली तुझ्या हाताला." मग घमेलं चंद्रीपुढं ठेवून, "पोरी, बरं केलंस." कशाबद्दल ते तिनं सांगितलं नाही. गरम पाण्याबद्दल असावं.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. निलेशनं गाडी काढली तेव्हा दत्तोबा म्हणाला, आधी पवनेच्या अंगानं घे. वाट वाकडी, पण घेतली. पौषात धरण भरलेलं असतं, दिसायला काय दिसणार? दत्तोबानं गाडी थांबवायला लावली आणि पाण्याकडं हात करून म्हणाला, "त्या टेकाडाखाली का गं?" मावशी म्हणाली, "जरा डावीकडं." थोडं बघितलं. मग म्हणाली, "चला, इमान थांबनार न्हाई."

पुढचं फोनवरनं. सकाळची धार झाली की फोन व्हायचा, आणि फोन झाला की ते आळीला कळायचं. मुन्नारला गरम पाणी आलं. "तुझा सासरा," मावशी सांगायची, "डायवरच्या शेजारी बसून वळनावळनाला पायानं ब्रेक दाबतोय. तो बिचारा डायवर घाबरलाय." फोन ओढून घेऊन दत्तोबा म्हणायचा, "हिचं सांगतो. म्हनलं, आज आथरून टाक तसंच. तर हिनं चादरीची घडी घातली, उशा हुभ्या केल्या, न्हानी पुसली. खोली करनारी बाई आली, तिला वाटलं हितं कुनी उतरलंच न्हाई. मंग तांदूळ घेताना ती रडाया आली."

हाउसबोटीवर मावशी पुढच्या खुर्चीत बसली. आत कुणीतरी पलंग नीट करत होतं. "हात मांडीव धरून बसलीया," दत्तोबानं कळवलं, "सुटत्याल म्हनून."

पण इकडं गोठ्यात वेगळंच झालं. दोन दिवस चंद्रीनं चरवी भरून दिली. मग कमी. मग त्याहून कमी. सासू घरात नाही, भांडी एकदाच घासली जातात, मीठ कुणी बघत नाही. अनिता सुखात होती, आणि सुखाच्या गाऱ्हाण्याला चंद्री काही पान्हा सोडत नाही. अनितानं भांड्यांचं काढलं, लोणच्याचं काढलं, पण राग शिळा झाला होता.

तिनं समुद्राकाठी फोन लावला. "आई, आज निम्मंच दिलं. काय करू? तुम्ही नाही तर बोलू काय?"

पलीकडनं लाटांचा आवाज येत होता. मावशीनं सावकाश विचारलं, "घरी वाटण कवा केलं हुतंस?"

"तुम्ही गेल्यापासून नाही. डाळ-भातच चाललंय."

"आज कर," मावशी म्हणाली. "निल्याला अंड्याचं कालवन कर. झनझनीत." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी तिन्हीसांजेला अनितानं खोबरं, लसूण, मिरच्या मिक्सरच्या भांड्यात भरल्या आणि झाकणाला हात घातला. झाकण नव्हतं. फळीवर नाही, डब्यात नाही, पिंपामागं नाही. घर उलटंपालटं केलं. शेवटी ताटली दाबून धरली आणि बटण फिरवलं. ताटली उडाली. वाटण भिंतीवर, छतावर, अनिताच्या डोळ्यांत. धारंची वेळ झाली होती, डोळे चोळतच ती गोठ्यात गेली आणि चंद्रीपुढं बसली. जे तोंड सुटलं ते सुटलंच. वस्तू जागेवर न ठेवण्याची या घरची सवय, माळ्यावर कोंबलेले डबे, सासूचा हात जिथं जातो तिथली वस्तू कशी नाहीशी होते. सोपाननं भिंतीवरनं डोकं वर काढलं आणि परत खाली घेतलं. चरवी भरून वर आली. निलेशनं बादली आणून दिली.

सकाळी अनितानंच फोन केला. "आई, मिक्सरचं झाकण कुठंय?"

"माझ्या बॅगंत," मावशी म्हणाली.

"तुमच्या... केरळमध्ये?"

"तांदळाच्या पिशवीखाली. म्हनलं, मी न्हाई तर तुला बोलाया काय तरी पायजे. दिलं का दूध?"

अनिताला हसावं का ओरडावं कळेना. "दिलं. बादली लागली."

"मंग!" मावशी म्हणाली. मग आवाज खाली आला, शेजारी कुणी ऐकू नये तसा. "आज आथरून टाकलं गं तसंच. गोधडी अर्धी खाली. आन वर वला टॉवेल बी टाकला."

"मग?"

"मंग काय. हुईन बेडूक." आणि लाटांच्या आवाजात ती हसली. फोनवर हसताना अनितानं तिला आधी कधी ऐकलं नव्हतं.

परत आली ती काळी होऊन, पायाला वाळू घेऊन. नारळाच्या वड्या आणल्या, आळीत वाटल्या. दत्तोबा आता कुणालाही सांगतो की धुकं बघावं तर मुन्नारचं. मावशीनं बॅग उपसली, लुगडी झटकली, पिशव्या उलट्या केल्या. झाकण नव्हतं. समुद्राकाठच्या खोलीत, टाकलेल्या अंथरुणात कुठं तरी राहिलं असावं. एकदा हाय तसं टाकून निघायला गेली आणि झाकणही टाकून आली.

दुसरं झाकण आणायचं दत्तोबा कबूल झालाय. रोज कामशेतला जातो आणि रोज विसरून येतो. अनिता ताटली दाबून वाटण करते. सकाळची धार मावशीची, संध्याकाळची अनिताची. गाऱ्हाणं दोघींचं एकच, झाकणाचं, आणि चंद्री हल्ली दोन्ही वेळा बादली भरते.